यंत्रमानव आणि तर्कशास्त्र : एका उन्हाळी प्रशिक्षणाची हकिकत

मे महिन्याच्या सुट्टीत प्राध्यापक मंडळी नेमके काय करतात, याविषयी विद्यार्थीवर्गात नाना तर्क प्रचलित आहेत. काहींच्या मते ते आंबे खातात, काहींच्या मते उत्तरपत्रिका तपासतात, आणि काहींच्या मते ही दोन्ही कामे एकाच वेळी करतात. तसे नसेल तर काही गुणपत्रिकांचा उलगडाच होत नाही. गेल्या मे महिन्यात मी यांपैकी काहीच केले नाही. मुंबईच्या दमट हवेत, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत नऊ दिवस बसून मी यंत्रमानव तयार करावयास शिकलो. कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला ही बुद्धी कशी झाली, असा प्रश्न स्टाफरूममध्ये पुष्कळांनी केला. त्याचे सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

उत्तराचा पहिला भाग सरळ आहे. आमच्या संस्थेच्या माध्यमिक शाळेला अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे. नीति आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून ही योजना चालविली. सहावी ते बारावीच्या मुलांनी केवळ पुस्तके न वाचता हाताने काही करून पाहावे, यासाठी निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. निम्मे प्रयोगशाळेच्या उभारणीला आणि निम्मे पुढील पाच वर्षे ती चालविण्याला. देशभर अशा १०,००० प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. आमच्याकडेही खोकी आली, ती मोजली गेली, डेड स्टॉक रजिस्टरात रीतसर चढविली गेली आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लागले.

हे डेड स्टॉक रजिस्टर काय चीज आहे, हे ज्यांनी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत नोकरी केली नाही त्यांना कळावयाचे नाही. नोंदविलेली वस्तू दरवर्षी पडताळणीच्या वेळी तितक्याच संख्येने दाखवावी लागते. मुलांच्या हातून एक मोटार जळाली की ती का जळाली, कोणाच्या देखरेखीखाली जळाली, याचा खुलासा आला. तेव्हा वस्तू शाबूत राखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ती कोणालाही न देणे. त्या नोंदवहीचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे, इतकेच म्हणतो.

शाळेतून कोणीतरी प्रशिक्षणाला जाणे भाग होते. विज्ञानाच्या बाईंच्या घरी त्याच आठवड्यात लग्न निघाले, गणिताचे सर निवृत्तीला आलेले, आणि जागा वाया गेली तर पुढच्या वर्षी बोलावणे येणार नाही, अशी धास्ती. उत्तराचा दुसरा भाग इथे सुरू होतो. तर्कशास्त्राच्या वर्गाची पटसंख्या दरवर्षी उतरणीला लागली आहे. पट उतरला की कार्यभार उतरतो, कार्यभार उतरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, आणि विषय एकदा बंद पडला की तो पुन्हा सुरू होत नाही. ‘सर, हे सत्यता कोष्टक पुढे कशाला लागते?’ असे मुले विचारतात, तेव्हा ‘स्पर्धा परीक्षेला’ हे उत्तर देऊन देऊन माझा मलाच वीट आला होता. या प्रश्नाला याहून बरे उत्तर कुठे असेल तर ते यंत्रात असेल, असे मला पूर्वीपासून वाटत आले आहे. मी हात वर केला.

पंचवटी एक्सप्रेस, कसारा घाट, मुंबईची गर्दी या गोष्टींचे वर्णन या अंकात आणखी कोणीतरी करीलच. ते मी सोडून देतो. वसतिगृहाच्या खोलीतला पंखा फिरत होता की फिरल्यासारखे दाखवीत होता, हा वाद आम्ही नऊ दिवसांत निकाली काढू शकलो नाही. आम्ही सत्तावीसजण होतो. बहुतेक विज्ञान-गणिताचे, पण एक चित्रकला शिक्षक, सातपूरकडचे एक आयटीआयचे निदेशक आणि सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतील एक बाईही होत्या. या बाईंविषयी पुढे लिहावयाचे आहे.

शिक्षकांनाच आधी विद्यार्थी करावे ही कल्पना नवी नाही. पवईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. कवि आर्य यांच्या पुढाकाराने चालणारा ‘ई-यंत्र’ हा प्रकल्प या बाबतीत सर्वांचा वडील मानावा लागेल. अभियांत्रिकी महाविद्यालयाला रोबोटिक्सची प्रयोगशाळा हवी असेल तर त्याने आधी चार अध्यापकांचा गट पाठवावा, दोन दिवसांची कार्यशाळा त्यांनी करावी, आणि मग त्यांना प्रत्यक्ष कामे देऊन ती पुरी करवून घ्यावीत, अशी त्यांची रीत. ‘फायरबर्ड’ नावाचा चाकांचा छोटा यंत्रमानव त्यांनी त्यासाठीच वापरला. आमचे प्रशिक्षण त्या प्रकल्पाचे नव्हते. पण शिकविणाऱ्या तरुण मंडळींच्या बोलण्यात पवईचा उल्लेख आमच्याकडे पंढरपूरचा येतो तसा येत असे.

आता मूळ विषय. यंत्रमानव म्हटले की डोळ्यांपुढे दोन पाय, चौकोनी डोके आणि खणखणीत आवाज येतो. विज्ञानकथांनी आणि चित्रपटांनी ही मूर्ती आपल्या मनात बसविली. आमच्यासमोर ठेवलेली वस्तू मात्र बिस्किटाच्या पुड्याएवढी, दोन चाकांची, पुढे एक फिरती गोळी असलेली गाडी होती. मग हिला यंत्रमानव का म्हणावयाचे? कारण तीन गोष्टी तिच्यात आहेत : तिला भोवतालचे काही कळते, त्यावरून ती काही ठरविते, आणि ठरविल्याप्रमाणे हालचाल करते. शिवणयंत्र हालचाल करते, पण कापड संपले तरी सुई चालूच राहते. तापमापीला कळते, पण ती करीत काही नाही. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती वस्तू या जातीत मोडते, मग तिला तोंड असो वा नसो.

ठरविण्याचे काम करतो तो अर्डुइनो नावाचा एक तळहाताएवढा फलक. याची जन्मकथा आपल्या महाविद्यालयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. २००५ साली इटलीतील इव्रेया गावी, आकृतिबंध आणि कला शिकणाऱ्या मुलांसाठी तो तयार झाला. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचे गम्य नाही अशांना यंत्र हाताळता यावे, हाच त्याचा मूळ हेतू. त्याला नाव मिळाले ते तेथल्या एका मद्यगृहाचे, आणि त्या मद्यगृहाला मिळाले होते अकराव्या शतकातील एका राजाचे. म्हणजे ज्या वस्तूला आज विज्ञान शाखेची मिरास समजले जाते ती मुळात आपली, कलाशाखेचीच. तिची स्मरणशक्ती मात्र बेताची : आज्ञा साठविण्यास अवघे ३२ किलोबाइट. प्रस्तुत लेख देवनागरीत त्यात घालू गेल्यास मावणार नाही.

या फलकाच्या टाचणीतून निघणारा वीजप्रवाह एखादा बारीक दिवा लावण्यापुरता. मोटार त्याने हलत नाही. म्हणून मध्ये एक ‘मोटर ड्रायव्हर’ बसवितात. गंगापूर धरणावर एक माणूस बटण दाबतो आणि दरवाजा उचलला जाऊन गोदावरीला पाणी सुटते. पाण्याचे बळ त्या माणसाच्या बोटात नसते, धरणात असते. तसेच येथे. बळ बॅटरीचे, आज्ञा फलकाची. नवशिके लोक मोटार थेट फलकाला जोडतात आणि फलक जाळतात.

पहिले काम दिले गेले ते पांढऱ्या कागदावरील काळ्या रेघेवरून गाडी चालविण्याचे. गाडीच्या पोटाशी, रेघेच्या डावी-उजवीकडे येतील असे दोन डोळे बसविलेले असतात. डोळा म्हणजे न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकणारा एक दिवा आणि परतलेला प्रकाश टिपणारा त्याचा जोडीदार. पांढरा कागद प्रकाश परत करतो, काळी रेघ गिळून टाकते. इतकेच ज्ञान त्या डोळ्याला आहे : परत आला, किंवा नाही आला. सत्य, किंवा असत्य.

येथे मी खुर्चीत सावरून बसलो. दोन डोळे, प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणजे चार ओळींचे कोष्टक! दोन्ही डोळ्यांखाली पांढरे असेल तर रेघ मधोमध आहे, सरळ जा. डाव्याखाली काळे आले तर गाडी उजवीकडे भरकटली आहे; डावे चाक थांबवून उजवे चालव, म्हणजे ती डावीकडे वळेल. उजव्याखाली काळे आले तर याच्या उलट. दोन्हीखाली काळे आले तर आडवी पट्टी आली, मुक्काम संपला; थांब. अकरावीच्या दुसऱ्या सत्रात फळ्यावर मी जे काढतो, तेच हे. फरक इतकाच की फळ्यावर एक ओळ चुकली तर अर्धा गुण जातो. येथे गाडी टेबलावरून खाली जाते.

यात चमत्कार नाही, इतिहास आहे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांचे बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली ग्रंथरूपाने मांडले. त्याला यंत्र करावयाचे नव्हते. विचाराचे नियम शोधावयाचे होते. पुढे ८३ वर्षे ते तत्त्वज्ञानाच्या आणि गणिताच्या कपाटात राहिले. (डेड स्टॉक!) १९३७ साली क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की विजेच्या बटणांची जोडणीही हेच नियम पाळते. एकापुढे एक दोन बटणे जोडली की दिवा लागण्यास दोन्ही दाबावी लागतात : ‘आणि’. शेजारी-शेजारी जोडली की एक दाबले तरी पुरते : ‘किंवा’. आपल्या घरच्या जिन्यातला दिवा खालूनही लावता येतो आणि वरूनही मालवता येतो, तो ‘दोहोंपैकी एक, पण दोन्ही नव्हे’ या विकल्पाचा नमुना. वायरमन ते कोष्टक न लिहिता बसवितो. आज जगातील प्रत्येक संगणकाच्या पोटात याच जोडण्या अब्जावधींच्या संख्येने आहेत. मुलांच्या ‘कशाला लागते’ या प्रश्नाचे उत्तर द्यावयास मला जिन्याशिवाय दुसरे साधन लागू नये.

गाडी चालली, पण कशी? लग्नाच्या वरातीतून परतणाऱ्या माणसासारखी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. रेघ सोडीत नव्हती, पण सरळही जात नव्हती. कारण तिला फक्त ‘वळ’ आणि ‘वळू नको’ एवढेच माहीत. किती वळावयाचे हे माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दोनाऐवजी पाच डोळे लावले, म्हणजे रेघ मधल्यापासून किती सरकली हे कळू लागले. मग नियम असा : चूक थोडी तर वळण थोडे, चूक मोठी तर वळण मोठे. चुकीला एका संख्येने गुणावयाचे आणि तितके वळावयाचे. ही संख्या कोणती घ्यावी, यात सगळी कला आहे. लहान घेतली तर गाडी आळशासारखी वळते आणि वळणावर रेघेबाहेर जाते. मोठी घेतली तर जराशा चुकीला इतके मोठे प्रायश्चित्त घेते की पलीकडे जाऊन पडते, मग तिकडून तितक्याच जोराने परत, आणि अशी थरथरत राहते. मुलाच्या प्रत्येक लहान चुकीला थोबाडीत देणाऱ्या बापाच्या घरी जे होते, तेच. यावर उपाय म्हणून चूक वाढते आहे की कमी होते आहे, हेही पाहावयाचे; कमी होत असेल तर हात आखडता घ्यावयाचा. ही दुसरी संख्या जमली आणि आमची गाडी रेघेवरून अशी गेली की चित्रकलेच्या सरांनी टाळी दिली.

परिणाम पाहून त्याप्रमाणे कृती दुरुस्त करीत राहणे, याला ‘फीडबॅक’ म्हणतात. सायकल चालविणारा, टांग्याचा लगाम धरणारा, माठातले पाणी भांड्यात ओतणारा, सगळे हेच करतात. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली या विद्येला ‘सायबरनेटिक्स’ नाव दिले, ते सुकाणू धरणाऱ्या नावाड्याच्या ग्रीक शब्दावरून. त्याच सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने प्रकाशाच्या मागे जाणारी दोन यांत्रिक कासवे केली होती. आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ज्यांचे नाव पाठ आहे त्या पियाजे यांच्याबरोबर जिनीव्हात काम केलेल्या सेमूर पेपर्ट यांनी पुढे मुलांच्या हाती असेच एक कासव दिले, ते शिकण्यासाठी. मूल कासवाला चालावयास शिकविते आणि ते करताना स्वतः विचार कसा करते हे पाहू लागते, असे त्यांचे म्हणणे. १९८० च्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा हाच.

अंतर मोजणारा डोळा आम्हांला चौथ्या दिवशी मिळाला. खरे म्हणजे तो कान आहे. ४०,००० कंपनांचा आवाज तो काढतो. माणसाला २०,००० च्या वरचे ऐकू येत नाही, म्हणून आपल्याला तो मुका वाटतो. आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. वेळ एक हजारांश सेकंद भरला तर जाऊन-येऊन ३४ सेंटिमीटर झाले, म्हणजे वस्तू १७ सेंटिमीटरवर. वटवाघूळ हाच हिशेब अंधारात करते. आता गाडी भिंतीपाशी थांबू लागली. पण तिच्या लेखी भिंत, मांजर आणि प्राचार्य हे तिन्ही एकच. आयझॅक अ‍ॅसिमोव्हने १९४२ च्या एका कथेत यंत्रमानवासाठी तीन नियम घातले, त्यातला पहिला माणसाला इजा न करण्याचा. पण तो नियम पाळावयाचा तर आधी माणूस ओळखता यावा लागतो. ती विद्या आमच्या गाडीकडे नव्हती.

सहाव्या दिवशीचा एक प्रसंग तर्कशास्त्रवाल्यांसाठी नोंदवितो. धूर ओळखणारा एक संवेदक होता. धूर लागला की भोंगा वाजावा, अशी जोडणी केली. डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थी तेथे अग्नी आहे, हे न्यायदर्शनाचे अनुमान शतकानुशतके शिकविले गेले आहे. त्याचेच हे यंत्ररूप म्हणून मी कौतुकाने पाहत होतो. एवढ्यात एका सरांनी हाताला सॅनिटायझर लावला आणि भोंगा वाजू लागला. त्या संवेदकाला धुराबरोबर अल्कोहोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅसही लागतो, आणि तिन्हींतला भेद त्याला करता येत नाही. नैयायिकांनी वाफेला धूर समजून केलेल्या अनुमानाचा विचार करून ठेवला आहे. हेतूच पक्षावर नसेल तर तो असिद्ध हेत्वाभास. यंत्राचा तर्क बिनचूक होता, त्याच्या हाती आलेले विधान खोटे होते. आजकाल यंत्राने सांगितले म्हणजे खरेच, असे मानणारी माणसे वाढत आहेत. त्यांना हा सॅनिटायझर हुंगावयास द्यावा.

सुरगाण्याच्या बाईंची अडचण वेगळी होती. आज्ञा लिहावयाच्या त्या इंग्रजी शब्दांत. बाईंचे बी. ए. मराठीचे, घरी कोकणा बोली, शाळेत मुलांची तीच. पहिले दोन दिवस त्या वहीत उतरवून घेत राहिल्या आणि किटला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी शिकविणाऱ्या मुलीने त्यांना सांगितले की दोन तिरप्या रेघा देऊन पुढे काहीही लिहा, यंत्र ते वाचत नाही. ती जागा माणसांसाठी आहे. बाईंनी प्रत्येक आज्ञेपुढे मराठीत लिहावयास सुरुवात केली : ‘येथे डावे चाक थांबते.’ ‘येथे अर्धा सेकंद वाट पाहते.’ संध्याकाळपर्यंत त्यांची यादी आमच्या सर्वांच्या यादीहून वाचनीय झाली होती, आणि पाचव्या दिवसापासून आम्ही अडलो की त्यांच्याकडे जाऊ लागलो. यंत्रासाठी इंग्रजी वीस-पंचवीस शब्द पुरतात. ते शब्द म्हणजे ज्ञान नव्हे. पण दारावरचा पहारेकरी तेच होऊन बसतात आणि मुले दारातूनच परततात. आपल्या वर्गातील कितीतरी मुले अशी परतलेली आहेत.

रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर गप्पा होत. विषय बहुधा एकच : यंत्र आले की माणसाचे काय? निदेशक महाशयांच्या हाताखालून वेल्डिंग शिकलेली मुले अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आहेत. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा पहिला यांत्रिक हात कामाला लागला. तापलेले ओतीव भाग उचलणे हे त्याचे काम. तेव्हापासून मोटारधंद्यात जोडकाम आणि रंगकाम अशाच हातांकडे जात आहे. निदेशकांनी सांगितलेली गोष्ट अशी की यांत्रिक हाताला जोड कुठे, कोणत्या कोनात द्यावयाचा हे शिकविण्यास अनुभवी वेल्डरच लागतो. हातातल्या पेटीवरची बटणे दाबून तो त्या हाताला एकेका जागी नेतो, आणि यंत्र त्या जागा लक्षात ठेवते. ‘शिकवून झाले की पुढे त्या वेल्डरचे काय, हे मला माझी पोरे विचारतात,’ ते म्हणाले. ‘मी त्यांना सांगतो, शिकविणारा हो.’ त्यावर चित्रकलेच्या सरांनी विचारले, ‘दहा हातांना शिकवावयास एकच लागत असेल तर बाकीचे नऊ?’ गच्चीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असते त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती ‘रोबो’ या शब्दातच दडलेली आहे. हा शब्द दिला एका नाटकाने. चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचविला त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे काम. मराठीत त्याला चपखल शब्द आहे : वेठ. यंत्रमानव नव्हे, वेठ्या! आपल्याकडे वेठबिगार कायद्याने बंद झाली ती १९७६ साली. गटारात माणूस उतरविण्यास बंदी करणारा कायदा २०१३ चा. तरीही माणसे उतरविली गेली आणि गुदमरून मेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूमागे १० लाख रुपये भरपाई ठरविली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. केरळमधील काही तरुण अभियंत्यांनी मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढणारे ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र तयार केले आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला ते कामाला लागले. हे काम यंत्राने हिरावून घेतले म्हणून रडावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्या माणसाला दुसरे काम मिळते की नाही, हे पाहणारा संवेदक अजून कोणी बसविलेला नाही.

आणि हे सर्व मुंबई-केरळातच घडते असे नव्हे. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे मेली. आपल्यापैकी जुन्या नाशिककरांना तो ऑगस्ट आठवत असेल. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी, मूळचे नाशिकचे आणि एम. आय. टी. मध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ नावाची शिबिरे येथे भरली. त्यांत निलय कुलकर्णी हा नाशिकचाच शाळकरी मुलगा होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी पायांखाली अंथरावयाची एक चटई केली. पाय पडला की दाब कळतो आणि मोजणी एकाने वाढते. नाव ‘अशिओतो’, जपानीत पावलांचा आवाज. किती माणसे येत आहेत ते त्याच क्षणी कळले, तर पुढचा लोंढा अडविता येतो. हे त्यामागचे सूत्र. सिंहस्थात त्या चटईने काही लाख पावले प्रत्यक्ष मोजली. जरा विचार केल्यास यात आमच्या गाडीहून निराळे काय आहे? दाब आहे किंवा नाही. आत आलेले वजा बाहेर गेलेले. मर्यादा ओलांडली तर थांबवा. तिन्ही विधाने अकरावीच्या मुलाला समजतील. फरक इतकाच की येथे कोष्टकाच्या चौथ्या ओळीत माणसे असतात.

प्रशिक्षण संपले तेव्हा प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळाले आणि एक गाडी. तशी गाडी बाजारातून भाग आणून साधारण दीड-दोन हजार रुपयांत होते, हे मुद्दाम लिहितो, कारण ‘आपल्याला कुठे परवडणार’ हा आक्षेप प्रथम येतो. जूनमध्ये शाळेच्या कपाटाचे कुलूप काढण्यासाठी मी एक टिपण दिले. मोटारी, तारा, संवेदक, बॅटऱ्या या वस्तू खर्चून संपणाऱ्या आहेत, त्यांची नोंद खडू आणि शाईप्रमाणे वेगळ्या वहीत व्हावी, इतकीच मागणी. चार महिने गेले, दोन स्मरणपत्रे गेली, आणि मंजुरी आली. सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासानंतर शाळेची आठवी-नववीची मुले आणि आपल्या अकरावी कलाची मुले एकत्र बसतात. कोष्टक अकरावीने करावयाचे, तारा आठवीने जोडावयाच्या, आणि आज्ञांपुढे मराठीत काय लिहावयाचे ते दोघांनी मिळून ठरवावयाचे. दोन मोटारी जळाल्या. दोन्हींची नोंद नव्या वहीत आहे.

एक अडचण शिल्लक आहे. खोली क्रमांक बाराची पश्चिमेकडची खिडकी दुपारी चारनंतर उन्हाने भरते. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतातच, आणि ऊन कागदावर पडले की गाडीच्या डोळ्यांना काळे-पांढरे एकच दिसू लागते. नेमकी त्या वळणावर ती रेघ सोडते. अकरावीच्या एका मुलीने गाडीच्या पोटाला काळ्या पुठ्ठ्याची झालर लावून पाहिली, त्याने बरेच भागले. पडद्यासाठी कार्यालयाकडे अर्ज दिला आहे. पडदा डेड स्टॉकमध्ये धरावयाचा की कसे, एवढ्यावर तो थांबला आहे.